सात रोगांचा नवरदेव

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल. माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं होईल. एका धडधाकट माणसाला एका संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर, होणाऱ्या सासऱ्याच्याच भिंतीवर ओळीनं सात रोग झाले, वर एक ऑपरेशन झालं, आणि जेवणाची ताटं वाढेपर्यंत तो खडखडीत बरा झाला! परभणी जिल्ह्यात असं दुसरं उदाहरण नाही. बाकीच्या जिल्ह्यांतही नसावं, पण तिथली खात्री मी देत नाही. उगीच वाढवून सांगायची मला सवय नाही.

मला सवय आहे ती लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची. त्यामुळं हे सगळं तुमच्या आधी आमच्या सौभाग्यवतींच्या कानावर पडतंय. त्या समोर सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या आहेत. मधेच सूप जरा जोरात वाजलं तर तिकडं लक्ष देऊ नका.

तर गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांतली. मी तेव्हा परभणीत आरोग्य प्रचाराच्या जीपवर होतो. जीपवर म्हणजे काय, जीप माझ्याच डोक्यावर चालायची. कागदोपत्री दिनकरराव नावाचे साहेब होते, पण सहीपुरते. ड्रायव्हर नागनाथ. त्याच्या मिशा केरसुणीएवढ्या आणि बोलणं महिन्यातून एकदा. आणि तिसरा एक तरुण शिपाई, त्याला आपण सूर्यभान म्हणू. खरं नाव सांगत नाही, माणूस अजून हयात आहे.

आमचं काम सोपं होतं. गावात जायचं, अंधार पडला की पडदा बांधायचा आणि यंत्रातून रंगीत स्लाइडी दाखवायच्या. सोबत टेप चालू, आवाज भोंग्यातून. रोग्यानं काय करावं, रोग्याच्या घरच्यांनी काय करावं, सगळं टेप सांगणार. टेपवर 'टिंग' वाजलं की शिपायानं पुढची स्लाइड सरकवायची.

पण स्लाइडी यायच्या मुंबईहून! त्यातला रोगी पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घालून पलंगावर निजलेला, खाली चकचकीत फरशी, डोक्यावर पंखा. बायको गॅसवर त्याच्यासाठी पेज करायलीय. आमची माणसं रोग सोडून बाकी सगळं बघायची. एका गावात क्षयरोग पुरा समजावून झाल्यावर विचारलं, कुणाला काही शंका? बायनाबाई म्हणून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "त्या बाईच्या चुलीत लाकडं कुठून घालत्यात?"

त्याच दिवशी माझ्या डोक्यात कल्पना आली. (सूप वाजलं. लक्ष देऊ नका.) आपल्या लोकांना आपलाच माणूस दाखवायचा! आपलंच घर, आपलीच चूल, आपलीच गोधडी. कॅमेरा घ्यायचा आणि स्लाइडी घरच्या घरी करायच्या.

कॅमेरा मिळाला, रोगी मिळेना. फोटोला सगळे तयार, रोगी व्हायला कुणी नाही. क्षयाचा रोगी म्हणून ज्याला बसवावं तो डोक्याला तेल चोपडून, लग्नातला फेटा बांधून, घड्याळाचा हात पुढं धरून बसायचा. खोका म्हटलं की हसायचा. त्यात कुणीतरी उठवलं की फोटोत जो रोग येतो तो वर्षाच्या आत अंगात उतरतो. मग तर आमची जीप दिसली की माणसं कडब्याच्या गंजीआड व्हायला लागली.

शेवटी मी सूर्यभानकडं बघितलं.

काय देखणा गडी होता म्हणून सांगू! नाक सरळ, डोळे पाणीदार, चालला की वाटावं, एखादा ठाणेदार चाललाय.

"आज डाळीत खडे लय हायत," सौभाग्यवती म्हणाल्या. कशावरून निघालं, कळलं नाही.

तर सूर्यभान देखणा होता, फक्त अंगानं सडपातळ. दोरीवरचा सदरा चालत आल्यासारखा दिसतो असं लोक म्हणायचे, पण लोकांचं काय मनावर घ्यायचं! घेतलं ते मुलीवाल्यांनी. त्याच्या दोन सोयरिकी ठरून मोडल्या होत्या. दोन्हीकडं एकच बोलणं, पोरगं आतून पोखरलेलं दिसतंय. तिसरी नुकतीच जमली होती. चुडाव्याच्या पुढं एका गावात किशनराव म्हणून शेतकरी होते, त्यांची मुलगी. किशनराव परभणीला येऊन मुलगा बघून गेले, कुंकू लागलं, तारीख निघाली. मुलीनं मुलाला बघायचं आणि मुलानं मुलीला, ते आता लग्नातच. किशनरावांना हुंडा नको होता, मानपान नको होता. मुलगा तब्येतीनं ठणठणीत पाहिजे, एवढंच. मुलाच्या आईनं देवावर हात ठेवून सांगितलं होतं की ह्याचं आजवर डोकंसुद्धा दुखलेलं नाही.

ही सोयरीक मोडली असती तर चौथी येणार नव्हती. तीनदा परत गेलेल्या मुलाला आमच्याकडं जिल्हा बदलावा लागतो.

अशा ह्या मुलाला मी रोगी केलं. मी म्हणजे, खात्यानं. तोही बिचारा हो म्हणाला. त्याला वाटलं एकच फोटो आहे.

तोंडावर फडकं धरून भिंतीला टेकला, झाला क्षय. गोधडीत गुंडाळला, झाला हिवताप. पायाला चिंधी बांधून पाय उचलून धरला, झाला नारू. हळद चोळली की कावीळ. बोटांच्या बेचक्यांत कुंकवाचे ठिपके दिले की खरूज. हातात तांब्या देऊन पाठमोरा पळवला, ते जुलाब. अडलं ते कुत्रं चावण्याला. नागनाथच्या गल्लीतलं कुत्रं आणलं, तर ते चावायचं सोडून सूर्यभानच्या तोंडाला तोंड लावून चाटायला लागलं. म्हटलं राहू दे, लांबून कळत नाही.

आता रोग्याची सेवा करणारी कुणीतरी बाई पाहिजे. गोळी देणारी, मीठ-साखरेचं पाणी पाजणारी, पाणी गाळून भरणारी. परक्या पुरुषाजवळ त्याची बायको म्हणून फोटोला कोण बसणार? कुणाच्या बायकोला विचारायची सोय नव्हती. शेवटी नागनाथनं घरून लुगडं आणलं, स्वतःच नेसला, मिशांसाठी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि हातात चुडा भरला. मनगट तेवढं केसाळ दिसत होतं. म्हटलं राहू दे, लांबून कळत नाही.

रोल संपला नव्हता. तेव्हा जाता जाता कुटुंब नियोजनही उरकून टाकलं. खाटेवर सूर्यभान, पायथ्याशी पदर ओढलेला नागनाथ, आणि दोन बाजूंना नागनाथची दोन लेकरं. लेकरं बापाला लुगड्यात बघून जी हसत सुटली, तसा सुखी कुटुंबाचा फोटो मुंबईवाल्यांनाही कधी जमला नाही.

रोल धुऊन आला. टेपवर आवाज भरला. आवाज अर्थात माझाच. प्रत्येक रोगाला सुरुवात एकच, "पाहा, हा तुमच्या-आमच्यातलाच एक."

गंगाखेडच्या बाजूला पहिले कार्यक्रम केले आणि जे झालं ते बघण्यासारखं होतं. लोक हलेनात! चुलीबद्दल एक अक्षर कुणी विचारलं नाही. सगळे रोग्याबद्दल विचारायचे. बरा झाला का? कोणत्या गावचा? बायको मोठी सोशिक हो! सूर्यभानला मात्र एसटीत बसायला अख्खं बाकडं मिळायला लागलं. तो बसला की शेजारचा उठायचा. मग त्यानं मला हात जोडून सांगितलं, सगळा जिल्हा फिरवा, पण चुडाव्याकडं हे यंत्र नेऊ नका. मी त्याला शब्द दिला.

शब्द मी पाळला असता. पण त्या दिवशी आम्ही नांदेडच्या बाजूला निघालो, तर नामांतराच्या मागणीसाठी पुढं रस्ता रोको. जीप फिरवली, आडवाटेला लागलो, ऊन मी म्हणत होतं. मागं सूर्यभान पडद्याच्या कापडावर झोपलेला. संध्याकाळ होता होता एका गावाशी जीपमधून वाफ निघाली. पाणी घालायला थांबलो, तर अर्धं गाव गोळा. रोगांचा सिनेमा आला, रोगांचा सिनेमा आला! गंगाखेडची कीर्ती आमच्या पुढं पोचली होती.

एक फेटेवाले गृहस्थ पुढं आले. म्हणाले, "आलायसा तं दाखवा की. माझ्या घरी लाइट हाय. आन पडदा कशाला पायजे? लेकीचं लगीन हाय म्हणून भिंतीला कालच चुना दिलाय. दुधावानी पांढरी हाय भिंत."

आता मला काय स्वप्न पडलं होतं की हे किशनराव आहेत? मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, हे गावही नाही. ओळखणारा एकच, तो मागं झोपलेला. त्यानं आवाजावरून सासरा ओळखला आणि दुसऱ्या बाजूनं उतरून सरळ जीपखाली शिरला! तिथून तो माझी विजार ओढायला लागला. मला वाटलं कुत्रं. मी एक लाथ घातली, ती बरगडीत बसली. थंडीत अजून दुखतं. त्याला, म्हणजे सूर्यभानला.

अंधार पडला. पुरुष अंगणात, बायका समोरच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर. माझा शिपाई बेपत्ता, म्हणून यंत्रावर मीच उभा राहिलो. टेप सुरू केला.

"पाहा, हा तुमच्या-आमच्यातलाच एक. याला तीन आठवड्यांपासून खोकला आहे."

भिंतीवर सूर्यभान आला, चांगला दोन पुरुष उंच.

किशनराव हरखून उभेच राहिले. म्हणाले, "अरे, हे तं आपले जावई! सरकारनं फोटो काढलाय!" काठीनं भिंतीकडं दाखवून ते भावकीला सांगत होते, आणि टेप सांगत होता की याच्या थुंकीत जंतू सापडले. काठी हळूहळू खाली आली.

टेप बंद करायला हात घातला तर कुणीतरी माझा हात धरला. किशनरावांची आई होती, सरजाबाई. म्हातारी यंत्राला खेटून बसली होती. "थांब लेकरा," ती म्हणाली, "पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. समदं बघू दे."

टिंग! हिवताप. सूर्यभान गोधडीत कुडकुडतोय.

टिंग! नारू. कुणीतरी मागून म्हणालं, लंगडा बी हाय.

टिंग! कावीळ. सरजाबाई म्हणाल्या, "हळद लागायच्या आधीच पिवळा झालाय की रे."

माळवदावरच्या बायकांना रोग्यात रस नव्हता. त्यांचं लक्ष गोळ्या देणाऱ्या बाईकडं. ही कोण? एवढ्या हक्कानं चमच्यानं पाजायलीय, ही कोण? बाई राबणारी दिसती, मनगट बघा. खरूज आली, कुत्रं आलं, जुलाब आले. जुलाबात जावई पाठमोरे असूनही गावानं बरोबर ओळखले, एव्हाना सवय झाली होती. किशनराव बसल्या जागी लहान लहान होत चालले होते. आणि मग वाजलं शेवटचं टिंग.

"दोन मुले झाल्यावर या समजूतदार गृहस्थाने शस्त्रक्रिया करून घेतली. पाहा, पत्नी किती आनंदात आहे."

पत्नीच्या चेहऱ्यावर पदर होता, पण लेकरं हसत होती.

किशनराव उठले आणि त्यांनी भिंतीतून वायर उपटली. "सोयरीक मोडली," ते म्हणाले. मला नाही, भिंतीला म्हणाले.

मग मी जीपच्या बॉनेटवर चढलो आणि भाषण सुरू केलं. मंडळी, हे सगळं नाटक आहे! मुलगा ठणठणीत आहे! सातांतला एकही रोग त्याला झालेला नाही!

किशनरावांनी कंदील वर धरून माझं तोंड बघितलं. "म्हंजी रोग खोटा," ते म्हणाले. "बाई खोटी. लेकरं खोटी. मग गोळ्या तेवढ्या खऱ्या कशावरून?"

आता आली का पंचाईत! त्या गावच्या सिस्टर गेलं वर्षभर घरोघर हिंडून गोळ्या घ्या म्हणून सांगत होत्या. रोग खोटा म्हणावं तर गावात उद्यापासून कुणी गोळी घेणार नाही. रोग खरा म्हणावं तर सूर्यभान जन्माचा बिनलग्नाचा. मी बॉनेटवर उभा, तोंड उघडं आणि आत शब्द नाही. माझ्या आयुष्यात असं एकदाच झालंय.

तेवढ्यात जीपखालून शिंक आली.

दोघांनी सूर्यभानला पायाला धरून बाहेर ओढलं. जावई आले म्हणून कुणी पुढं झालं नाही. उलट सगळं अंगण चार हात मागं सरकलं, भिंतीला टेकलं. एकट्या सरजाबाई कंदील घेऊन उठल्या. बैल बाजारात बघतात तसं म्हातारीनं त्याला बघितलं. दात बघितले, जीभ काढायला लावली, पापणी उलटी केली, बोटं फाकवली. नारूसाठी विजार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. कुठं ठिपका नाही, वण नाही, लंगडणं नाही.

म्हातारीनं कंदील खाली ठेवला. मग वळून मुलाला म्हणाली, "किशन्या, सात रोग काढून उभा हाय ह्यो. आता ह्याला काय व्हायचं राह्यलंय? आपल्या पोरीचं कुंकू ढळायचं न्हाई बघ."

गाव हललं! सात रोग, आणि अंगावर वणसुद्धा नाही. काय त्या गोळ्या असतील! दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या दारात म्हणे जावयाच्या गोळ्या द्या म्हणून रांग लागली होती. ज्याला काही नव्हतं तोही उभा होता.

पण किशनराव अडून होते. रोगाचं जाऊ द्या म्हणाले. ती बाई कोण? आणि लेकरं?

तेव्हा नागनाथ पुढं आला. त्या महिन्यातलं त्याचं बोलणं बाकी होतं. त्यानं खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलं, शेजारच्याच्या हातातली विडी काढून चमच्यासारखी धरली आणि केसाळ मनगट कंदिलापुढं केलं.

"बाई मी हाय," तो म्हणाला.

माळवदावरून एकदम हसू फुटलं.

"लेकरं माझी हायत."

"आन ऑपरेशन?" किशनरावांनी विचारलं.

नागनाथनं उपरणं काढलं. आपल्या वहाणांकडं बघितलं. घरात सख्ख्या भावांनाही त्यानं हे कळू दिलं नव्हतं.

"ते बी माझंच," तो म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

किशनरावांनी वायर परत भिंतीत खोचली. पण मुलगी माळवदावर बसून होती. सगळं बघून झालंय, आता तिलाच विचारा, असं सरजाबाई म्हणाल्या. सूर्यभान थरथर कापत होता, हिवतापाच्या फोटोत कापला नव्हता इतका. सगळं त्या एका शब्दावर आलं. तेव्हा मी बॉनेटवरून जे दुसरं भाषण केलं, तसं भाषण परभणी जिल्ह्यात पुन्हा झालं नाही! मी म्हणालो, भगिनी, संसार म्हणजे सुद्धा एकमेकांची शुश्रूषाच आहे. माळवदावर बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. आणि माझ्या त्या भाषणानं भारावून ती मुलगी वरून म्हणाली...

सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"कुठलं भाषण?" सौभाग्यवती म्हणाल्या.

मी म्हटलं, लिहू दे.

"बॉनेटवर दिनकरराव होते. यंत्र त्यांचं, टेपातला आवाज त्यांचा, फोटो बी त्यांनीच काढले. लाथ बी त्यांनीच घातली. तुमी जीपखाली होता. माझ्या आजीनं कंदील धरून तुमचे दात बघितले ते मी माळवदावरून बघायले होते. सूर्यभान म्हणं! आन ठाणेदारावानी चालायचा म्हणं!"

मी म्हटलं, बरं, पण तू हो म्हणालीस ना? कशावरून म्हणालीस?

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

"फोटोवरून," त्या म्हणाल्या. "सात रोग झाले, त्यात कुत्रं बी चावलं, पर भिंतीवरचा माणूस एक चकार शब्द बोलला न्हाई. मला वाटलं, गप बसणारा हाय."